दिव्यांग बालकास घर : कुटुंबाची आणि गावाची जबाबदारी

(नांदेड जिल्ह्यातील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा पाठ)



दत्तक हा शब्द मराठी माणसाला मुळीच नवा नाही. बडोद्याच्या गादीवर १८७५ मध्ये बसलेले सयाजीराव महाराज नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून दत्तक गेले होते. कोल्हापूरच्या गादीवर १८८४ मध्ये आलेले शाहू महाराज हे कागलच्या घाटगे घराण्यातील. झाशीचा दत्तक इंग्रजांनी नामंजूर केला आणि त्यातून केवढे महाभारत घडले, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. तथापि या सर्व दत्तकविधानांमागील हेतू एकच होता. घराला वारस हवा होता, म्हणून मूल शोधले जात होते. ते मूल मुलगा असावे, निकोप असावे आणि शक्यतो भाऊबंदांपैकी असावे, अशी अपेक्षा असे. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलीला मांडीवर घेण्याचा मार्ग मोकळा केला. निकोप मुलाचा आग्रह मात्र कोणत्याही कायद्याने सुटणारा नव्हता.

त्याच जुन्या काळात एक वेगळे उदाहरणही महाराष्ट्राने पाहिले आहे. महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले आणि १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या विधवेच्या मुलाला, यशवंतला, आपला मुलगा केले. समाजाने नाकारलेल्या मुलाला घर हवे होते, म्हणून त्या दांपत्याने आपले घर दिले. पुढे यशवंत डॉक्टर झाला. घरासाठी मूल शोधण्याऐवजी मुलासाठी घर शोधावे, हे तत्त्व आजच्या कायद्याने स्वीकारले. फुले दांपत्याने ते सुमारे दीडशे वर्षांपूर्वी आचरणात आणले होते.

या तत्त्वाची खरी परीक्षा मात्र एका विशिष्ट मुलाच्या बाबतीत होते. जे मूल वयाच्या तिसऱ्या वर्षी बसू लागले, पाचव्या वर्षीही बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, अशा मुलाला घराची गरज सर्वांत अधिक असते आणि घर सर्वांत शेवटी मिळते. पुष्कळदा मिळतच नाही. हे घर मिळवून देण्यात आणि मिळालेले घर टिकविण्यात अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांचा वाटा किती मोठा आहे, एवढाच प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

ही मुले कोण?

पूर्वी या सर्वांना सरसकट मतिमंद म्हणण्याची प्रथा होती. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व नमूद होते. १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ही संख्या २१ झाली. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बहुविकलांगता आणि अध्ययन अक्षमता हे प्रकार त्यात स्वतंत्रपणे येतात. हा भेद केवळ कागदोपत्री नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलात एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. त्याची समज संथ गतीने वाढते आणि अशा मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयाचा जन्मजात दोष असतो. सेरेब्रल पाल्सीत वाढत्या मेंदूला इजा झाल्याने हातापायांवरील ताबा जातो. बुद्धी मात्र अनेकदा शाबूत असते. स्वमग्न मुलास गोंगाट, गर्दी, रोजच्या क्रमातील बदल सोसत नाही. तीन मुले, तीन गरजा. तिघांनाही 'वेडसर' या एकाच शब्दात गुंडाळणाऱ्या गावात त्यांपैकी एकाचेही भले होत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात बौद्धिक दिव्यांग म्हणून नोंद झालेल्या व्यक्तींची संख्या १५ लाखांच्या घरात होती. त्यांपैकी बहुसंख्य आपापल्या घरीच वाढतात, हे आवर्जून सांगितले पाहिजे. आई-बाप ऊसतोडीला गेले म्हणजे अशा नातवाला आजी सांभाळते. बहीण शाळा सोडून घरी बसते. म्हणून पहिले कर्तव्य आहे ते मूल घरातून तुटू न देण्याचे. जन्मदात्यांना सांभाळणे अशक्य झाले असेल, तर मूल नात्यातील किंवा अन्य कुटुंबात ठेवून त्याला दरमहा साह्य देणारी राज्याची बालसंगोपन योजना आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्व व प्रतिपालकत्व यांसाठी प्रत्येक बालकामागे दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. या योजनांचा अर्ज वेळेवर भरला गेला, तर कित्येक मुलांना संस्थेचे दार पाहावेच लागणार नाही.

संस्था का पुरी पडत नाही?

संस्थेत अन्न, वस्त्र, औषध सारे मिळते. मग घराचा एवढा आग्रह का, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर रुमानिया या देशातून मिळाले आहे. तेथील राजधानी बुखारेस्टमध्ये इ. स. २००० च्या सुमारास अनाथालयांतील १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यांपैकी निम्मी मुले प्रतिपालक कुटुंबांत ठेवली गेली, उरलेल्यांचे संगोपन प्रचलित पद्धतीने चालू राहिले. काही वर्षांनी पाहिले तेव्हा कुटुंबात वाढलेल्या मुलांची बुद्धी व भाषा संस्थेतील मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती, आणि दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना सर्वांत अधिक लाभ झाला होता. डाउन सिंड्रोमसारखे जन्मजात आजार असलेली मुले या अभ्यासातून वगळलेली होती. म्हणजे ज्यांच्या मेंदूत मूळचा कोणताही दोष आढळला नव्हता, अशी मुलेही केवळ घराच्या अभावी मागे पडली. मग ज्याला मुळातच बोलायला, चालायला जास्तीचा हात लागतो, त्या मुलाने एका मावशीच्या वाट्याला आलेल्या दहा-बारा मुलांतील एक होऊन राहावे, यात त्याची किती हानी होत असेल, याची कल्पना करता येते. त्याला एकच शब्द शंभर वेळा ऐकावा लागतो. तो शंभर वेळा उच्चारण्याइतका वेळ आणि चिकाटी बहुधा घरातच असते.

कायद्याने दिलेले दोन मार्ग

पहिला मार्ग दत्तकाचा. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) कायदा, २०१५ नुसार अनाथ किंवा टाकून दिलेले मूल २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे आणावे लागते. पालकांचा शोध घेतल्यावर दोन वर्षांपर्यंतच्या मुलास दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्या मुलास चार महिन्यांत दत्तकासाठी मुक्त घोषित करावयाचे असते. आईने स्वतः मूल सोपविले असेल, तर तिला फेरविचारासाठी दोन महिने दिले जातात. इच्छुक पालकांनी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी करावयाची. त्यानंतर गृहअभ्यास अहवाल तयार होतो. पूर्वी अंतिम आदेश न्यायालय देत असे. १ सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. दत्तक गेलेल्या मुलास पोटच्या मुलाचे सर्व हक्क मिळतात. नाव, घर, वारसा, सारे काही.

२०२२ च्या दत्तक नियमावलीतील एक तरतूद येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या दांपत्यास दोन किंवा अधिक मुले आहेत, त्यास सर्वसाधारण बालक दत्तक मिळत नाही; विशेष गरजा असलेले अथवा सहजी घर न मिळणारे बालक मात्र मिळू शकते. मुले वाढविण्याचा अनुभव असलेल्या, मन मोठे असलेल्या कुटुंबांसाठी हे दार मुद्दाम उघडे ठेवलेले आहे. भारतीय कुटुंबे या दारातून फारशी आत आलेली नाहीत. विशेष गरजा असलेल्या मुलांपैकी बराच मोठा भाग आजवर परदेशी कुटुंबांत गेला आहे. सातासमुद्रापलीकडच्या माणसाला जे मूल आपलेसे वाटते, ते येथल्या माणसाला का वाटू नये, हा प्रश्न आपणा सर्वांना पडला पाहिजे.

दुसरा मार्ग प्रतिपालकत्वाचा. येथे मूल काही काळासाठी कुटुंबात राहते आणि कुटुंबाला साह्य मिळते, पण नाव आणि वारसा बदलत नाही. २०२४ च्या आदर्श प्रतिपालकत्व मार्गदर्शक सूचनांनी या मार्गाला नवे वळण दिले. सहा वर्षांवरील, संस्थेत राहणारी, विशेष गरजा असलेली किंवा सहजी घर न मिळणारी मुले त्यात येतात. पूर्वी केवळ विवाहित दांपत्यांना प्रतिपालक होता येत असे. आता ३५ ते ६० वयाच्या अविवाहित, विधवा, विधुर किंवा घटस्फोटित व्यक्तीलाही होता येते. पुरुषास एकट्याने मुलगी सांभाळता येत नाही, एवढे बंधन आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूल दत्तकासाठी मुक्त असेल, तर दोन वर्षांच्या प्रतिपालनानंतर तेच कुटुंब त्याला दत्तक घेऊ शकते. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती.

दिव्यांग बालकाच्या दृष्टीने हा दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा ठरण्याजोगा आहे. अशा मुलाची ओळख छायाचित्रावरून आणि वैद्यकीय अहवालावरून होत नाही. त्याच्या रात्री कशा जातात, त्याला फेफरे येते तेव्हा काय करावे लागते, तो कशाने हसतो, हे सोबत राहूनच कळते. दोन वर्षांत कुटुंबाला मूल कळते आणि मुलाला कुटुंब.

परत आलेली मुले

या विषयाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. केंद्रीय प्राधिकरणाच्या माहितीनुसार २०१७ ते २०१९ या काळात देशात दत्तक गेलेल्या ६,६५० मुलांपैकी २७८ मुले संस्थेत परत आली. परत येणाऱ्या मुलांत मुली अधिक, सहा वर्षांवरील मुले पुष्कळ आणि जवळजवळ चौथा हिस्सा दिव्यांग बालकांचा होता. एकदा टाकले गेलेले मूल दुसऱ्यांदा टाकले जाते, तेव्हा त्याच्यावर काय प्रसंग गुदरतो, हे शब्दांत सांगणे कठीण आहे.

यावर उपाय म्हणजे सत्य सांगणे. मुलाच्या प्रकृतीविषयी जे जे माहीत आहे, ते सारे पालकांना आधी, त्यांना समजेल अशा मराठीत सांगितले पाहिजे. 'थोडे उशिरा बोलेल' अशा गोड बोलण्याने मुलाला घर लवकर मिळते. पण ते टिकत नाही. गृहअभ्यास करणाऱ्या कार्यकर्त्याने केवळ उत्पन्न आणि खोल्या मोजू नयेत. घरातील आजी-आजोबा राजी आहेत काय, थोरल्या भावंडांशी बोलणे झाले आहे काय, आई आजारी पडली तर मुलाला कोण पाहील, उपचारांचे ठिकाण किती लांब आहे, हे विचारले पाहिजे. दत्तकानंतर दोन वर्षेपर्यंत दर सहा महिन्यांनी पाठपुरावा करावयाचा असतो. तो कागदावर न होता उंबऱ्याच्या आत होणे अगत्याचे आहे.

दोन उदाहरणे

नांदेड जिल्ह्याच्या माहूर-किनवटची शीव ओलांडली की विदर्भ लागतो. त्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील अचलपूर तालुक्यात वझ्झर हे गाव आहे. तेथे शंकरबाबा पापळकर यांनी मतिमंद, मूकबधिर व बेवारस मुलांचे बालगृह चालविले. रेल्वे स्थानकांवर, बसथांब्यांवर, उकिरड्यांवर सोडून दिलेली मुले पोलिसांमार्फत त्यांच्याकडे येत गेली. १२३ मुलांच्या कागदपत्रांवर वडील म्हणून त्यांनी आपले नाव लावले. बाबांनी त्यांतील अनेकांची लग्ने लावून दिली, काहींना नोकरीस लावले, आणि या मुलांच्या हातून वझ्झरच्या उजाड टेकडीवर हजारो झाडे उभी राहिली. त्यांच्या एका अंध कन्येने २०२४ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक पदाची परीक्षा उत्तीर्ण केली. त्याच वर्षी शंकरबाबांना पद्मश्री जाहीर झाली. वय १८ पूर्ण होताच बालगृहातून मुलांना बाहेर काढण्याचा नियम दिव्यांग बालकांना लावू नये, त्यांचे आजन्म पुनर्वसन व्हावे, ही त्यांची मागणी वर्षानुवर्षांची आहे. बापाच्या घरातून मूल अठराव्या वाढदिवशी बाहेर पडत नसते, इतका साधा विचार तिच्यामागे आहे.

दुसरे उदाहरण पुण्यात नोकरी करणाऱ्या आदित्य तिवारी या अविवाहित तरुण अभियंत्याचे. इंदूरच्या एका संस्थेत २०१४ मध्ये डाउन सिंड्रोम असलेले एक बालक त्यांनी पाहिले. एकट्या व्यक्तीस दत्तक घेण्यासाठी तेव्हा वयाची अट ३० वर्षांची होती आणि ते त्याहून लहान होते. त्यांनी वरिष्ठ कार्यालयांकडे पत्रांमागून पत्रे धाडली. २०१५ च्या नव्या नियमांनी ती अट २५ वर्षांवर आली आणि १ जानेवारी २०१६ रोजी ते बालक त्यांच्या घरी आले. ज्या मुलाला कोणीही निवडले नव्हते, त्याच्यासाठी एक तरुण दीड-दोन वर्षे झगडला, ही गोष्ट साऱ्यांना धीर देणारी आहे.

एकट्याचे नव्हे, गावाचे काम

शंकरबाबांसारखी माणसे विरळा. सामान्य कुटुंबाने हे काम करावयाचे, तर त्याच्या पाठीशी गाव उभे राहिले पाहिजे. बेल्जियम देशातील घेल नावाच्या गावाची हकीकत याबाबत बोलकी आहे. मध्ययुगात तेथील देवस्थानाला मनोरुग्ण यात्रेसाठी येत. देवळातील जागा अपुरी पडू लागली, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना घरी ठेवून घेतले. तेराव्या शतकापासून ही रीत चालत आली आहे. १९३० च्या दशकात मनोरुग्ण व बौद्धिक दिव्यांग मिळून साडेतीन हजारांहून अधिक पाहुणे तेथील शेतकऱ्यांच्या घरी राहत होते. २०२३ मध्ये युनेस्कोने या परंपरेची नोंद घेतली. ही रीत टिकण्याचे कारण असे, की कुटुंबाला थोडे मानधन आहे, परिचारिका घरी येते, अडचणीत रुग्णालय जवळ आहे, आणि वेगळे वागणाऱ्या माणसाकडे गावात कोणी वळून पाहत नाही. नांदेडसारख्या यात्रेकरूंच्या नगरीला ही गोष्ट परकी वाटू नये. सचखंड हुजूर साहिबच्या लंगरात पंगतीला बसणाऱ्यास कोणी जात विचारीत नाही आणि बुद्धीही विचारीत नाही.

मराठवाड्याने मुले सांभाळण्याची कसोटी एकदा दिलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागातील कितीतरी मुले पोरकी झाली. त्यांतील अनेकांना नातलगांनी जवळ केले. नळदुर्गला पन्नालाल सुराणा यांनी 'आपलं घर' उभे केले. आता हीच माया वाढीत मागे राहिलेल्या मुलाच्या वाट्याला यावी.

त्यासाठी प्रत्येकाने करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. पंचायत सदस्यांनी गावातील बाल संरक्षण समितीची बैठक खरोखर घ्यावी. बेवारस मूल परस्पर कोणाला देणे किंवा स्टँप पेपरवर लिहून घेणे हा गुन्हा आहे आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे गावाला समजावून सांगावे. असे मूल आढळल्यास १०९८ या क्रमांकावर तत्काळ कळवावे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची आहे. किनवट किंवा देगलूरच्या खेड्यातील आईला उपचारासाठी नांदेडला यावयाचे, तर पुरा दिवस आणि दिवसाची मजुरी जाते. त्या निधीतून तिला प्रवासखर्च किंवा मुलाला आधाराची खुर्ची देता आली, तर तो पैसा सार्थकी लागला असे म्हणावे.

शिक्षकांनी हे मूल पटावर घ्यावे. ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क त्यास कायद्याने दिला आहे. तालुक्यातील विशेष शिक्षकाला वर्गात बोलवावे, आणि दत्तक आलेल्या मुलाचा इतिहास इतर मुलांसमोर कधीही उच्चारू नये. अशा बालकाची ओळख उघड करण्यास कायद्यानेही मनाई आहे. अंगणवाडी सेविका आणि आरोग्य पथक यांनी उशिरा बसणारे, उशिरा बोलणारे मूल पहिल्या दोन वर्षांतच हेरावे. लातूरजवळ हरंगुळ येथील 'संवेदना' हे सेरेब्रल पाल्सी विकसन केंद्र आणि लातूर शहरातील 'उमंग' हे स्वमग्नता व बहुविकलांगता केंद्र अशा मुलांसाठी काम करते. अशा ठिकाणांची वाट पालकांना दाखविणे, हे अर्धे काम झाले.

अधिकाऱ्यांच्या हाती काळ आहे. फाइल टेबलावर पडून राहते तेव्हा मुलाचे वय थांबत नाही. दोन वर्षांच्या आत मिळालेले घर आणि सहाव्या वर्षी मिळालेले घर यांत केवढे अंतर असते, हे वर आलेच आहे.

आमच्यामागे याचे काय?

घर द्यावयास निघालेल्या प्रत्येक कुटुंबाच्या ओठावर हा प्रश्न असतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने त्याचे काही उत्तर दिले आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीस १८ वर्षांनंतरही कायदेशीर पालक नेमून देता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. 'निरामय' या आरोग्य विम्यातून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च भागविता येतो. दिव्यांगत्वाचे वैश्विक ओळखपत्र आणि या विम्याचे कागद मूल घरी आल्याच्या पहिल्या वर्षातच करून घ्यावेत.

तथापि कागदाने प्रश्नाचा अर्धाच भाग सुटतो. आई-बाप नसतील तेव्हा भाकर कोण देईल, यापेक्षा हाक कोण मारील, याची चिंता पालकांना अधिक असते. ज्या मुलाला गावाने नावाने ओळखले, शाळेने बाकावर बसविले, यात्रेत कोणीतरी बोट धरून फिरविले, त्या मुलाच्या आई-बापांची ती चिंता पुष्कळ हलकी होते. दिव्यांग मूल दत्तक घेण्यास कुटुंबे पुढे येत नाहीत, असे म्हणण्यापूर्वी गावांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा. असे मूल उद्या शेजारच्या घरात आले, तर त्याच्या स्वागताला गाव तयार आहे काय? या प्रश्नाचे उत्तर ज्या गावांतून 'होय' असे येईल, त्या गावांत घरेही मिळतील.